गुरुवारी लाइट गेली तरी नेट चालावं म्हणून

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक त्याच दिवशी. घरून काम करणाऱ्यांची मात्र गुरुवारी सुट्टी नसते. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवरूनच 48 व्होल्ट वीज यायची, त्यामुळे लाइट गेली तरी फोन लागायचा. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. भिंतीवरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, वीज आपल्यालाच पुरवावी लागते.

म्हणून नवं कनेक्शन घेताना मासिक दराच्याही आधी एक गोष्ट विचारा: फायबर थेट माझ्या घरात येणार, की पार्किंगमधल्या स्विचपर्यंत येऊन पुढे लॅन केबल? थेट येत असेल तर वाटेत प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप असला आणि तुमचा डबा चालू राहिला, की नेट चालतं. पार्किंगमध्ये स्विच असेल, तर इमारतीची लाइट गेल्यावर तो बंद पडतो आणि घरातल्या यूपीएसचे पैसे फुकट जातात. अशा वेळी सोसायटीच्या कमिटीशी बोलून तो स्विच जनरेटरच्या लाइनवर घ्यावा. 15 वॅटचा स्विच दिवसरात्र चालला तरी महिन्याला 11 युनिटही होत नाहीत. एवढ्यासाठी वाद घालत बसू नये. या विजेचे पैसे ऑपरेटरकडून घ्यायचे, हे लेखी ठरवावं.

आता खर्च. 399 रुपयांच्या प्लॅनवर 18 टक्के जीएसटी धरून 471 रुपये होतात. जोडणीचे साधारण 500 ते 1,500. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर बरेच ऑपरेटर जोडणीचे पैसे माफ करतात. डब्याचं डिपॉझिट परत मिळणारं आहे का ते विचारा आणि पावती घ्याच. डबा साधारण 10 वॅट घेतो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. सगळे आकार धरून युनिट 12 रुपयांना पडत असेल, तर वीजबिलात 86 रुपयांची भर.

बॅकअपसाठी राउटरचा छोटा यूपीएस 1,200 ते 2,000 रुपयांत मिळतो. त्याआधी डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक ठिकाणी 12 व्होल्ट असतो. अँपिअर मात्र 1, 1.5 किंवा 2. यूपीएस त्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या अँपिअरचा हवा. बॅटरी 22 वॅट-तासांची असेल तर दोनेक तास धरा. दिवसभराच्या शटडाउनला ती पुरणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस घेऊच नका. डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट जाताच तो रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का पाहा. त्याला खर्च शून्य.

चाकण, महाळुंगे, कुरुळीच्या शेडमध्ये गोष्ट वेगळी. प्रेस किंवा वेल्डिंग मशीन सुरू झालं की व्होल्टेज खाली-वर होतं. तिथे डब्याला मशीनच्या बोर्डवरून सप्लाय देऊ नका. अर्थिंग तपासून ऑफिसच्या बोर्डवरून द्या. एका राउटरला 600 व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. सर्व्हर किंवा बिलिंगचा कॉम्प्युटर असेल तर ऑनलाइन यूपीएस लागतो आणि खर्च 10,000 रुपयांच्या पुढे जातो. पत्र्याच्या भिंतींतून वायफाय नीट जात नाही, लॅन केबलची मर्यादा 100 मीटर. ऑफिसपासून शॉप फ्लोअर लांब असेल तर मधली लाइनही फायबरचीच टाका. वीज पडण्याचा किंवा मोटरच्या विजेचा तिला त्रास होत नाही.

जोडणी करणाऱ्याला निघण्यापूर्वी पॉवर मीटरचं रीडिंग दाखवायला सांगा. ते उणे 27 डीबीएमच्या आसपास असेल तर लाइन काठावर आहे; जोड पुन्हा करून घ्या. मग पुढच्या गुरुवारी लाइट गेल्यावर डब्याकडे बघा. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन जिवंत आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर फायबर तुटली आहे किंवा ऑपरेटरकडचाच बॅकअप संपला आहे. वेळ लिहून ठेवून तक्रार त्यांच्याकडे करा, नवा यूपीएस घ्यायला धावू नका.