सायकलीचा सांगाडा आणि तिची चाल

प्रस्तावना

दोन जुन्या पोलादी सायकली शेजारी उभ्या केल्या, तर त्या बहुधा सारख्याच दिसतात. सामान लादून लांबच्या प्रवासाला निघाल्यावर मात्र एक शांतपणे सरळ जाते, तर दुसरी हाताच्या हलक्या इशाऱ्यावर वळते. या फरकाचे कारण पोलादाच्या कीर्तीत नसून सांगाड्याच्या मापांत असते. ब्रिटिश व फ्रेंच प्रवासी सायकलींच्या तुलनेतून ते समजून घेता येते.

एक पोलाद, दोन परंपरा

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली '५३१' ही पोलादी नळी बाजारात आणली. ती टोकांशी जाड व मध्ये पातळ असे. त्यामुळे जोड भक्कम राहून वजन घटे. इंग्लंडमधील 'डॉझ गॅलेक्सी' या १९७१ पासूनच्या सायकलीत ती वापरली गेली, तशीच पॅरिसलगतच्या रने एर्स व आलेक्स सिंगर या कारागिरांच्या सायकलींतही. तरीही दोहोंची चाल भिन्न होती.

ट्रेल आणि भार

हँडल ज्या नळीत फिरते, तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतरास 'ट्रेल' म्हणतात. नळी अधिक कलती असली की ट्रेल वाढतो. पुढच्या चाकाचा चिमटा अधिक पुढे वाकवला की तो घटतो.

ब्रिटिश सायकलीत ट्रेल साधारणतः ५० ते ६० मिलिमीटर असे आणि सामान मुख्यतः मागे लादले जाई. अशी सायकल वेगात स्थिर राहते. परंतु पुढे जड पिशवी बांधल्यास संथ चढावर हँडल एका बाजूस ओढले जाते. फ्रेंच सायकलीत ट्रेल ३० ते ४० मिलिमीटर ठेवून पिशवी हँडलपुढे बांधत. तो भारच हँडलला स्थैर्य देई. उलट, सारे ओझे मागे लादले, तर पातळ नळ्या पिळवटून सायकल डुलू लागते आणि उतारावर ते धोक्याचे ठरते.

एक गैरसमज

पोलाद हादरे शोषते, असे अनेकदा म्हटले जाते. वास्तविक त्रिकोणी सांगाडा उभ्या दिशेने फारसा लवत नाही. हादरे मुख्यतः रुंद व बेताची हवा भरलेले टायर शोषतात. म्हणून जुना सांगाडा निवडताना त्यावरील नाव वाचण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : ओझे कोठे बांधायचे आहे आणि त्यात किती रुंद टायर बसतो.

पाठगत प्रश्न

१. 'ट्रेल' म्हणजे काय, ते आकृती काढून स्पष्ट करा.
२. फ्रेंच सायकलीत पिशवी पुढे बांधण्याचे कारण लिहा.
३. 'चांगली सायकल कोणती, हे ओझ्यावर अवलंबून असते.' या विधानाची चर्चा करा.