माल उतरवताना कंबर आणि जीव सांभाळा

गणपती जवळ आले की कुडाळ, कणकवली, मालवणच्या बाजारपेठांत मालाचे ट्रक एकामागून एक लागतात. वरून पाऊस, खाली चिखल, फाळक्याला टेकवलेली ओली फळी आणि पाठीवर 50 किलोचे पोते. आपल्या वाड्यांतले कितीतरी जण ही हमाली करतात. काही मुले मुंबईच्या मॉलमध्ये, भिवंडीच्या गोदामांत याच कामाला आहेत. कंबर धरली की ‘वय झाले’ म्हणून आपण गप्प बसतो. आम्हांला वाटते, दोष वयाचा कमी आणि कामाच्या जागेचा जास्त असतो.

ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण 4 फूट उंच असतो. म्हणून मोठ्या इमारतींत मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीचा ओटा बांधतात. त्यालाच लोडिंग डॉक म्हणतात. ओटा आणि हौदा यांच्यातली फट भरून काढणारा लोखंडी पत्रा म्हणजे डॉक लेव्हलर. त्यावरून ट्रॉली सरळ आत जाते. माल उचलावा लागत नाही, ढकलावा लागतो. पाठ वाचते ती इथेच.

पण याच ओट्यावर अपघातही होतात. म्हणून एवढे पाळावे :

1. ट्रक लागताच मागच्या चाकांच्या पुढे ठोकळे लावावेत. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना ट्रक थोडाथोडा पुढे सरकतो, फट वाढते आणि माणूस यंत्रासकट खाली जातो. माल उतरेपर्यंत गाडीची किल्ली मुकादमाकडे असावी.

2. गाडी मागे येताना ओटा आणि गाडी यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. दिशा दाखवणाऱ्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल असे बाजूला उभे राहावे.

3. तळघरात इंजिन बंद ठेवावे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखू लागले, गरगरले, की लगेच उघड्यावर यावे.

4. ओट्याची कड पिवळ्या रंगाने रंगवावी. शेवाळ खरवडावे, मासळीच्या बर्फाचे पाणी काढावे. स्लिपर नको, पकड असलेले बूट हवेत.

ओटा नसलेल्या दुकानापुढे फळी रुंद असावी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात आणि ती दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. पोते दोघांनी धरावे. उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे पोटाशी धरावे, कंबरेतून वळू नये, पाय वळवावेत. ओझे अंगापासून जितके दूर, तितका मणक्याच्या चकत्यांवर ताण जास्त.

वजनाचे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची कमाल मर्यादा सुचवली, स्त्रियांसाठी त्याहून बरीच कमी. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात तर सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी 23 किलोच धरतात. म्हणजे आपले नेहमीचे पोते त्याच्या दुपटीहून जड!

दुखणे पायात उतरले, पाय बधिर झाला तर मालिश करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास पांगळेपण कायमचे राहू शकते. कोणी ओट्यावरून पडला तर त्याला हातापायांना धरून उचलू नये. मान-पाठ हलू न देता 108 ला फोन करावा. केसपेपरवर ‘कामावर अपघात’ अशी नोंद करून घ्यावी, भरपाई मागताना ती उपयोगी पडते.

महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 पासून माथाडी कायदा आहे. आपल्या ठिकाणी मंडळाकडे नोंदणी होते का, याची चौकशी जरूर करावी. आणि मुकादमाकडे चाकाचा ठोकळा मागताना संकोच करू नये. तो मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. घरी आपली वाट पाहणारी माणसे आहेत.