रसशाळेतील बदल आणि पादांशिक क्रम

जून 2000 मध्ये ‘शेड्यूल टी’ अन्वये आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी जीएमपी बंधनकारक झाली. केवळ स्वतःच्या रुग्णांपुरती औषधे करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांस तीतून सूट आहे. परवानाधारक फार्मसीस नाही. उमरीसारख्या तालुक्याच्या गावी फार्मसीमालकास प्रथम जागेचा व यंत्रांचा खर्च दिसतो. खरी अडचण मात्र माणसांची असते. आयुष्यभर तेल सिद्ध करीत आलेल्या कारागिरापुढे एके दिवशी बॅच रेकॉर्डची वही ठेवली, की ती त्यास अविश्वासाची खूण वाटते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय एकदम न सोडता पादांशाने सोडावी व त्याच क्रमाने हितकर सवय धरावी, असे सांगितले आहे. रसशाळेतही हाच क्रम योजावा. प्रथम एकाच कल्पाची वही घालावी. त्यासाठी सिद्ध तेल सोयीचे. कल्काची बोटांत वात वळते काय, ती अग्नीवर धरता तडतडते काय, फेस केव्हा आला, हे कारागिराने सांगावे व वैद्याने वेळेसह लिहावे. (तेलात फेस येतो, घृतात शमतो, नवख्यांची गफलत येथेच होते.) आपले ज्ञान वहीत उतरलेले पाहिले, की कारागीर स्वतःच ती मागू लागतो. पुढे तो निवृत्त झाला तरी ते ज्ञान फार्मसीतच राहते.

ही वही अंगवळणी पडल्यावरच चूर्ण व वटी यांच्या वह्या उघडाव्यात. कच्च्या मालाची नोंदवही मात्र यास अपवाद. भेसळीचा धोका पाहता ती पहिल्या दिवसापासून पूर्णच हवी.