नळी काढल्यानंतरचा हिशेब

मुंबईतल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात मी छातीची ऑपरेशनं करतो आणि रेसिडेंटांना शिकवतो. हृदयाची नव्हेत, फुफ्फुसाची, अन्ननलिकेची, छातीत साठलेल्या पुवाची. पेशंटांचं पुढे काय झालं याची आम्ही एक वही ठेवतो. त्या वहीने शिकवलेलं थोडंसं.

१. टाके निघाले की पेशंट बरा झाला, हे डिस्चार्ज कार्डाचं मत. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे मृत्यू ३० ऐवजी ९० दिवसांपर्यंत मोजले तर आकडा जवळजवळ दुप्पट होतो, असं अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीत दिसलं आहे. ९० दिवसांत आमचा पेशंट बीडला किंवा खेडला पोचून शेताची उस्तवारही पाहू लागलेला असतो. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने प्रत्येक पेशंटची वर्षभराने चौकशी करायचा आग्रह धरला. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्या खासगी रुग्णालयातून ३३७ पेशंट घरी गेले; त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः छापल्या. इतका निर्भीड वार्षिक अहवाल माझ्या तरी पाहण्यात नाही.

२. आधी व्याख्या, मग आकडा. 'एअर लीक होता' म्हणजे काय? फुफ्फुसातून गळणारी हवा छातीतल्या नळीवाटे बाहेर येते; नळीच्या बाटलीत ५ दिवसांनंतरही बुडबुडे येत असतील तर तो लांबलेला लीक, असं ठरवून घ्यावं लागतं. आणि बुडबुडे पाहताना पेशंटला खोकायला लावलं होतं का, हेही विचारावं लागतं. नुसत्या 'आयसीडी (म्हणजे ही नळी) ठीक' या शेऱ्यातून कुणाचंही संशोधन होत नाही.

३. गुंतागुंत सगळीकडे होते. फरक पडतो तो पुढच्या काही तासांत. मिशिगनच्या संशोधकांनी २००९ साली पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, साधारण चौथा हिस्सा. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे २१.४ टक्के दगावले, दुसरीकडे १२.५ टक्के. छातीच्या वॉर्डात हे रोज पटतं. दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, कफ साठतो, श्वासाची गती वाढते, रात्री नाडी अनियमित होते. हे सगळं सर्वांत आधी दिसतं सिस्टरला आणि सर्वांत कनिष्ठ रेसिडेंटला. तो विचार करतो, 'सरांना एवढ्या रात्री कशाला उठवायचं?' म्हणून आम्ही वहीत दोन वेळा लिहितो: पहिलं लक्षण कधी दिसलं आणि वरिष्ठ खाटेपाशी कधी पोचला. रात्रीच्या फोनवर ओरडणारा सर्जन हाताचा कितीही सफाईदार असो, त्याच्या युनिटमध्ये हे अंतर वाढत जातं. फिजिओथेरपिस्टला राऊंडमध्ये मागे उभं करणारे सर्जनही याच पंगतीतले.

४. बाहेरचं गणित इथे जसंच्या तसं बसत नाही. फुफ्फुसाच्या ऑपरेशनचा धोका सांगणारा 'थोरॅकोस्कोअर' २००७ साली फ्रान्समधल्या पेशंटांवरून तयार झाला. आमच्याकडे येतो तो क्षयाने एक फुफ्फुस पार निकामी झालेला, जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा धरलेला, रक्ताच्या गुळण्या करणारा, अंगावर मांस नसलेला माणूस. सगळं इतकं चिकटलेलं असतं की फुफ्फुस छातीच्या भिंतीपासून सोडवण्यातच अर्धा दिवस जातो. याचा धोका आपल्याच वहीतून काढावा लागेल.

५. कधी थांबायचं, हेही आकडेच शिकवतात. १९१८ साली अमेरिकी लष्कराच्या छावण्यांत न्यूमोनियानंतर सैनिकांच्या छातीत पू होत होता आणि सर्जन लगेच छाती उघडून तो काढत होते. एव्हर्ट्स ग्रॅहम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पू पातळ असताना छाती उघडली तर हवा आत शिरून श्वासच कोंडतो. आधी सुईने ओढा, घट्ट झाल्यावर मोकळा करा. मृत्यू झपाट्याने घटले. याच ग्रॅहमने १९३३ साली सेंट लुईसमध्ये एका डॉक्टरचं कॅन्सर झालेलं अख्खं फुफ्फुस एका बैठकीत काढलं. तो पेशंट त्याच्यानंतरही जगला. ग्रॅहम स्वतः १९५७ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला.

६. 'सर्जन' या रकान्यात नेहमी सरांचंच नाव असतं. कोणता टप्पा कुणी केला हे लिहिल्याशिवाय रेसिडेंट काय शिकला ते कळणार कसं? दुर्बिणीतून फुफ्फुसाचा लोब काढायला हात बसण्यासाठी साधारण ५० ऑपरेशनं लागतात, असं जाणकार मानतात. हृदय आणि छाती एकत्र शिकवणाऱ्या एमसीएचची ३ वर्षं, त्यातली बरीचशी बायपास आणि झडपांत जातात. छातीच्या वाट्याला उरलेले वार येतात, हे बदलायला हवं.

७. सगळ्यात मोठी अडचण साधी आहे: फोन लागत नाही. तेव्हा तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर केसपेपरवर तुमच्या नंबरासोबत बदलणार नाही असा शेजाऱ्याचा किंवा मुलीच्या सासरचाही नंबर लिहा. वर्षभराने एखादी रेसिडेंट फोन करून 'बाबांना जिना चढताना दम लागतो का?' असं विचारेल. ती पैसे किंवा ओटीपी मागणार नाही. बाबा गेले असतील, तर तेही तिला सांगा.