4 जानेवारीची टोकियो वारी: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

जपानी व्यावसायिक कुस्तीच्या चाहत्यांचं वर्ष 4 जानेवारीला सुरू होतं. 1992 पासून दर वर्षी याच तारखेला ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ ही कंपनी टोकियो डोममध्ये आपला सर्वांत मोठा कार्यक्रम करते. 2007 पासून त्याला ‘रेसल किंगडम’ म्हणतात. ही कंपनी 1972 मध्ये अँटोनियो इनोकी यांनी काढली. त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या शत्रूंपैकी एक होता पंजाबात जन्मलेला टायगर जीत सिंग. आपल्याकडे हा कार्यक्रम आवडीने बघणारे बरेच आहेत आणि ‘एकदा तिथे जाऊन बघायचंय, किती लागतील?’ हा प्रश्न दर दिवाळीच्या सुमारास येतोच. त्याचं हे सविस्तर उत्तर.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात. कोल्हापूर-सांगलीच्या मैदानांवर वाढलेला माणूस याला नुरा कुस्ती म्हणेल. पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं, इथे प्रेक्षक जाणून-समजून येतो. तो पैसे मोजतो ते दोन मल्लांचं वैर कसं उभं राहिलं आणि कसं निवलं, हे पाहण्यासाठी. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, तुमच्या वेळेचा चांगला हिस्सा 4 जानेवारीच्या आधीच्या महिन्यांना द्या. ते न बघता थेट डोममध्ये पुढच्या खुर्चीवर जाऊन बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

ही उभारणी उन्हाळ्यात सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘जी-वन क्लायमॅक्स’ ही साखळी स्पर्धा होते. तिच्या विजेत्याने डोममध्ये अजिंक्यपदासाठी लढायचं, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. अलीकडे त्यात फाटे फुटू लागलेत. 2024 चा विजेता झॅक सेबर ज्युनियर जानेवारीपर्यंत थांबलाच नाही. त्याने ऑक्टोबरमध्येच तेत्सुया नाइतोला हरवून अजिंक्यपदाचा पट्टा घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये डोममध्ये उतरला तो आव्हानवीर म्हणून नव्हे, तर पट्टाधारक म्हणून. नोव्हेंबरमध्ये आणखी एक मोठा कार्यक्रम होतो, मग डिसेंबरपर्यंत जोड्यांची स्पर्धा चालते आणि तोवर डोममधल्या बहुतेक लढती ठरलेल्या असतात.

खरी गंमत असते मधल्या छोट्या गावांतल्या दौऱ्यात. तिथे जानेवारीतले दोन प्रतिस्पर्धी एकटे भिडत नाहीत. तीन विरुद्ध तीन अशा सांघिक लढतीत समोरासमोर येतात, मिनिटभर खडाखडी होते आणि दोघे बाजूला होतात. एका रात्री एकाच्या गुडघ्यावर दोरांजवळ दोन लाथा बसतात. चार रात्रींनी त्याच गुडघ्यावर पट्टी दिसते. पुढच्या आठवड्यात त्याचा तो ठरावीक उडी मारायचा डाव अर्ध्यात फसतो. जानेवारीत तो डोमच्या लांबलचक रॅम्पवरून चालत येतो तेव्हा हजारो लोक त्याच्या चेहऱ्याकडे नाही, गुडघ्याकडे बघत असतात. हे सगळं तुम्ही पुण्यात बसून बघू शकता आणि या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत स्वस्त भाग आहे.

कंपनीची ‘न्यू जपान वर्ल्ड’ ही स्ट्रीमिंग सेवा 2014 च्या डिसेंबरमध्ये 999 येन महिन्याने सुरू झाली. आता दर त्याहून वाढलेला आहे. तरी महिना हजार रुपयांच्या आतच धरा (100 येनला साठ रुपयांच्या आत-बाहेर, हा हिशेब या लेखात सगळीकडे वापरला आहे). मोठ्या कार्यक्रमांना इंग्रजी समालोचन असतं. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, महिना तुम्ही नोंदणी केलेल्या तारखेपासून मोजतात की पहिल्या तारखेपासून. नाही तर 30 डिसेंबरला भरलेले पैसे दोन दिवसांत संपायचे. दोन, त्या वर्षीचा डोमचा कार्यक्रम वर्गणीत धरला आहे की त्याचं वेगळं तिकीट आहे. जपान आपल्या साडेतीन तास पुढे असल्याने कार्यक्रम आपल्याकडे भर दुपारी लागतो, रात्र जागवावी लागत नाही. जुलै ते जानेवारी सात महिन्यांची वर्गणी म्हणजे मुंबईत दोघांनी एकदा बऱ्या हॉटेलात जेवण्याइतका खर्च. कुणाचं बजेट तेवढंच असेल, तर त्याने एवढंच करावं. काही चुकत नाही.

आता प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी.

डोमचं तिकीट हा खर्चातला सर्वांत मोठा आकडा असेल, असं लोकांना वाटतं. तसं नाही. वरच्या मजल्यावरची जागा काही हजार येनमध्ये मिळते. मधल्या जागा दहा-वीस हजारांच्या घरात असतात. रिंगणालगतच्या खुर्च्यांची किंमत मात्र पन्नास हजार येनच्या आसपास किंवा वर जाते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिल्या मजल्याच्या स्टँडमधली मधल्या दराची जागा घ्यावी. खाली सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्यांत मागे बसलात तर पुढच्याचं डोकं आणि मोठा पडदा एवढंच दिसतं. स्टँडला उतार असतो, रॅम्प पूर्ण दिसतो.

तिकीट कधी घ्यायचं, हे त्या वर्षीच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे. 4 जानेवारी 2025 ला डोममध्ये चोवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. तेव्हा निवांत तिकीट मिळत होतं. पुढच्याच वर्षी हिरोशी तानाहाशीने काझुचिका ओकादाविरुद्ध निवृत्तीची लढत खेळली आणि सेहेचाळीस हजारांहून जास्त जागा आधीच विकल्या गेल्या. तेव्हा कुणी मोठा मल्ल निवृत्त होतोय, अशी घोषणा ऐकलीत तर विमानाच्या आधी तिकिटाचं बघा. एरवी घाई नको.

जपानी तिकीट संकेतस्थळांवर खातं उघडायला बहुधा तिथला मोबाइल नंबर लागतो. परदेशी प्रेक्षकांसाठी कंपनी वेगळी विक्री ठेवते का, ते तिच्या इंग्रजी पानावर आधी पाहा. जपानात राहणारा ओळखीचा कुणी असेल तर काम सोपं होतं: तो नोंदणी करतो, सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसन या दुकानांच्या काउंटरवर क्रमांक दाखवून पैसे भरतो आणि तिथल्या तिथे छापील तिकीट हातात पडतं. वर दोन-तीनशे येनचं सेवाशुल्क. अनोळखी दलालाकडून चढ्या भावाने मात्र मुळीच घेऊ नका. जून 2019 पासून जपानमध्ये फेरविक्रीला बंदी असलेली तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याचा धंदा हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड आहे. अशा तिकिटावर दारात अडवलं तर तुमची दाद कोणी घेणार नाही.

डोमच्या शेजारच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर कोराकुएन हॉल आहे. 1962 मध्ये बांधलेलं, दीड-दोन हजार माणसांचं हे सभागृह जपानी कुस्तीचं घर आहे. तिथला मल्लाच्या छातीवर बसलेल्या चापटीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे रोज काही ना काही असतं. ऑल जपान ही जुनी कंपनी 2 आणि 3 तारखेला तिथे असते. तिकीट साधारण पाच ते दहा हजार येन. डोमच्या महागड्या खुर्चीचे पैसे वाचवून कोराकुएनला दोन संध्याकाळी बसा. 1 जानेवारीला बुदोकानमध्ये ‘नोआ’ कंपनीचा मोठा कार्यक्रम असतो, हेही लक्षात ठेवा.

खरा खर्च विमानाचा आणि राहण्याचा. मुंबईहून टोकियोचं जाऊन-येऊन तिकीट एरवी पन्नास-साठ हजार रुपयांत मिळतं. नाताळ-नववर्षात ते सत्तर-ऐंशीच्याही वर जातं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढून ठेवा. 31 डिसेंबर टाळून 1 किंवा 2 जानेवारीला निघालात तर विमान आणि हॉटेल दोन्हीकडे फरक पडतो. राहायला डोमच्या दारात, सुइदोबाशीलाच पाहिजे असा हट्ट नको. आकिहाबारा, र्‍योगोकू, किनशिचो ही सगळी सोबू लाइनवरची ठिकाणं. गाडी थेट सुइदोबाशीला जाते. साध्या बिझनेस हॉटेलात खोलीला आठ ते पंधरा हजार येन, कॅप्सूलमध्ये त्याच्या निम्मे.

व्हिसाचं शुल्क भारतीयांना आजवर किरकोळच राहिलं आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज करताना ताजे दर बघा. पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवर दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणून उतरण्याआधीच ई-सिम चालू करून घ्या. बँकेचं कार्ड वापरणार असाल तर परकी चलनावर किती टक्के लावतात ते विचारा. पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्के अधिक जीएसटी असतो. पूर्ण पॅकेज घेतलंत तर कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना परत मिळवता येतो. हे टूरवाले आपणहून सांगत नाहीत.

डोममधल्या खाण्यापिण्याच्या स्टॉलवर रोख चालत नाही; बँकेचं कार्ड किंवा सुइका हे प्रीपेड कार्ड लागतं. याउलट नववर्षाच्या दिवसांत बँका बंद असतात आणि लहान दुकानांना रोखच हवी असते. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमला परदेशी कार्ड चालतं. शाकाहारी असाल तर ओनिगिरी म्हणजे भाताच्या गोळ्यांत उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचा शोधा आणि नूडल्सच्या रसात मासे असतात हे गृहीत धरा. टी-शर्टला साडेतीन-चार हजार येन पडतात. कार्यक्रमाच्या दिवशी त्या रांगेत तास जातो, म्हणून सुइदोबाशीतल्या ‘तोकोन शॉप’मधून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आणि बाहेर पडताना टोपी हातात धरा. डोमचं छप्पर आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं आहे, त्यामुळे दार उघडलं की वारा पाठीत असा बसतो की माणूस दोन पावलं पुढे ढकलला जातो.

आता बेरीज. विमान सत्तर हजार, सहा रात्री हॉटेल छत्तीस हजार, जेवणखाण बारा-तेरा हजार, आतला प्रवास आणि विमानतळाची गाडी सहा हजार, डोम आणि कोराकुएनची मिळून तीन तिकिटं चौदा हजार, खरेदी सहा हजार, व्हिसा-विमा चार हजार. एका माणसाचे दीड लाख रुपये. दोघे एका खोलीत राहिलात तर प्रत्येकी पंधरा हजार तरी वाचतात. यापेक्षा फार कमीत नेतो म्हणणाऱ्याला तिकीट कोणत्या रांगेतलं आहे ते लेखी विचारा, आणि जायचं ठरवलं असेल तर जी-वनच्या पहिल्या दिवसापासून बघायला लागा.