छतावरील सौरवीज आणि भूदोष

भाईंदरच्या पूर्वेकडील नवघर परिसराला खाडी व मिठागरांचे सान्निध्य आहे. अशा दमट, खारट हवेत छतावरील सौरसंचाचे जोड लवकर गंजतात. तारेचे वेष्टन फाटून वीज लोखंडी सांगाड्यात उतरली, की भूदोष निर्माण होतो. कारागीर त्यास ‘अर्थ फॉल्ट’ म्हणतात.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर हा दोष दाखवून बंद पडतो व ऊन चढल्यावर आपोआप सुरू होतो. ओलावा सुकल्याने दोष लपतो. तो नाहीसा होत नाही. दुर्लक्ष झाले आणि दुसऱ्या ठिकाणीही दोष उद्भवला, तर आग लागू शकते.

दोष शोधण्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञाने पॅनेलांची प्रत्येक मालिका इन्व्हर्टरपासून अलग करून दोन्ही टोकांचा जमिनीशी दाब मोजावा. समजा, 10 पॅनेलांच्या मालिकेचा दाब 400 व्होल्ट आहे. धन टोकाशी 120 व ऋण टोकाशी 280 व्होल्ट आढळल्यास दोष धन बाजूने तिसऱ्या व चौथ्या पॅनेलांदरम्यान असण्याचा संभव असतो.

मुख्य बटण बंद केले तरी ऊन असेपर्यंत पॅनेलांच्या तारांत वीज असतेच. म्हणून शाळा व ग्रामपंचायतींनी दोष दिसताच छतावर जाण्यास मनाई करावी आणि तंत्रज्ञास पाचारण करावे.