आजोबांची ४५० बोअरची रायफल

प्रश्न : आजोबांच्या परवान्यावरील ४५० बोअरच्या रायफलीची काडतुसे कोठेच का मिळत नाहीत?

उत्तर : मार्टिनी-हेन्री रायफलीत उपयोगी पडणारी ही गोळी बंडखोरांच्या हाती जाईल, या धास्तीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरच्या दारूगोळ्याची आयात बंद केली, तेव्हा लंडनच्या कुशल कारागिरांनी ४६५, ४७० अशी नवी मापे सिद्ध केली आणि जुन्या मापाची मागणी येथे क्षीण होत गेली. विलायतेत काही कारखाने अशी काडतुसे आजही अल्प प्रमाणात घडवितात. म्हणूनच ती महाग. जवळच्या मापाचे काडतूस बसते का, हे कृपा करून अजमावू नका, आणि पितळी बुडावर हिरवट गंज चढलेले घरातले काडतूस तर मुळीच झाडू नका. नळीवरील ठसे परवानाधारक विक्रेत्याकडून आधी वाचून घ्यावेत.